टर्म न देणाऱ्या परकार मॅडम

आधी एक कबूल करून टाकतो. हा लेख दिवाळीआधी द्यायचा होता. "उद्या देतो सर" म्हणत म्हणत मी संक्रांत आणली. लिहायला बसलो की काहीतरी निघायचंच. कुणाची गाडी अलिबागला चाललेली असायची, कुठं खाडीवर फ्लेमिंगो उतरल्याची बातमी यायची, आणि मी चपला घालून मोकळा. शेवटी या गौरवग्रंथाचे संपादक ठोसर सर यांनी आज मला कॉलेजच्या गेटवरच पकडलं. भूगोल विभागात आणून बसवलं, पुढ्यात चहा ठेवला आणि म्हणाले, "मॅडमची साठी झाली. निदान एकसष्टी लागायच्या आत दे." जाताना त्यांनी दारही ओढून घेतलं. तेव्हा आता लिहितो.

प्रा. नजमा परकार मॅडमविषयी या ग्रंथात मोठमोठी माणसं लिहिणार आहेत. मॅडमनी खाडीकिनाऱ्यांचा केलेला अभ्यास, त्यांची पुस्तकं, त्यांनी घडवलेले प्राध्यापक, हे सगळं त्यांच्या हातून नीट येईल. माझी पात्रता एवढीच, की मी त्यांचा वर्ष बुडालेला विद्यार्थी आहे. ते वर्ष मॅडमनीच बुडवलं असं आमच्या घरात म्हणतात. माझ्या मते त्यामुळे लिहिण्याचा माझा हक्क इतरांपेक्षा जरा जास्तच आहे.

मॅडमची पहिली ओळख झाली तेव्हा मी बऱ्याच ठिकाणांहून फिरून आलो होतो. आयटीआय अर्धवट सोडलं होतं, कामोठ्यात मोबाइलच्या दुकानात बसून झालं होतं, उलव्याला बांधकामावर पाण्याचे टँकर मोजून झाले होते. मग बाबांनी हाताला धरून पनवेलच्या या कॉलेजात बी.ए.ला घातलं. त्याच सुमारास विद्यापीठानं क्रेडिट आणि ग्रेडची नवी पद्धत आणली होती. टक्के गेले, वार्षिक परीक्षा गेली, सेमिस्टर आली. शिक्षकच एकमेकांना विचारत फिरायचे. परकार मॅडमनी मात्र पहिल्याच तासाला खडू हातात घेतला आणि विचारलं, "क्रेडिट म्हणजे काय?"

मागून एकजण म्हणाला, "पास व्हायचे पॉइंट, मॅडम."

"नाही बेटा, क्रेडिट म्हणजे वेळ. कर्नाळ्याचा किल्ला चढायला किती वेळ लागला असं विचारलं तर तू कुठपासूनचा सांगशील? पायथ्यापासूनचा. पण घरून निघालास, गाडीची वाट पाहिलीस, पाणी भरून घेतलंस, ते कोण मोजणार? क्रेडिटमध्ये तेही मोजलंय. वर्गातले तास आणि वर्गाबाहेरचे तास, दोन्ही मिळून क्रेडिट."

ते मला तिथल्या तिथं पटलं. वर्गाबाहेरचे तास मोजणारं विद्यापीठ मी पहिल्यांदाच पाहत होतो. पुढं त्यांनी हजेरीचाही नियम सांगितला: प्रत्येक सेमिस्टरला पंचाहत्तर टक्के हवी, नाहीतर टर्म मिळणार नाही, म्हणजे परीक्षेलाच बसता येणार नाही. इथं मात्र माझं गणित चुकलं, आणि त्याला कारण आमचं यार्ड.

बाबा उरणला कंटेनर यार्डात क्रेनवर आहेत. तिथं रिवाज असा, की आधी जादा पाळ्या भरून ठेवायच्या आणि हळदी-लग्नांचा मोसम आला की त्या वळत्या करून सुट्टी घ्यायची. सगळं गाव असंच चालतं. बाबांनी मला मोठ्या विश्वासानं सल्ला दिला, "पयल्या सहामाहीला दाबून भर. मंग दुसरीला हाय तुजी मोकलीक."

मी दाबून भरलं. पहिल्या सेमिस्टरला एक तास चुकवला नाही. आपले तास संपले की दुसऱ्यांच्या वर्गात जाऊन बसायचो. कॉमर्सच्या एका सरांनी विचारलं, "तू कोण रे?" मी म्हणालो, "जादा पाळी, सर." वर्ग हसला, सरांना काही कळलं नाही, मी बसून राहिलो. कॉस्टिंग मला आजही थोडंफार येतं. दुसरं सेमिस्टर सुरू झालं आणि मी मासळीच्या टेम्पोत बसून निघालो. मुरुड, दाभोळ, जयगड, विजयदुर्ग. प्रत्येक जेट्टीवर थांबत गेलो. त्या प्रवासावर वेगळा लेख होईल, आत्ता नको. मार्चमध्ये परत आलो तर फळ्यावर हजेरी कमी भरलेल्या डिफॉल्टरांची यादी, आणि प्रत्येक विषयात माझं नाव.

हजेरी समितीच्या प्रमुख परकार मॅडमच होत्या. बाबा पाळी सोडून माझ्याबरोबर आले. वर्ष गेलं तर पुढं शिकवणार नाही, यार्डात घालणार, हे त्यांनी बसमध्येच सांगून टाकलं होतं.

"बाई," बाबा उभ्यानंच म्हणाले, "पोरानं पयल्या सहामाहीला खाडा केला नाय. लोकांच्या वर्गात बी बसला. त्ये जादाचं हिकडं वळतं करून घ्या."

समितीतले एक सर खुदकन हसले. मॅडमनी त्यांच्याकडे असं पाहिलं की त्यांनी चष्मा पुसायला घेतला. मग मॅडमनी बाबांना खुर्ची दिली, यार्डातला रिवाज नीट विचारून घेतला आणि म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही सुट्टीवर जाता तेव्हा तुमची क्रेन कोण चालवतं?"

"बदली येतो ना."

"इथं ह्याच्या जागी बदली कोण येणार? दुसऱ्या सेमिस्टरचं ह्याच्यासाठी कोण शिकून ठेवणार?"

बाबा हळूच म्हणाले, "आजारपनाचा कागूद आनतो. डाक्टर वळखीचा हाय."

"नका आणू. आणलात तर तो खोटा आहे असं मला लिहावं लागेल. तुमच्यासारख्या माणसाबद्दल मला ते लिहायचं नाही."

बाबा उठले. "वरीस खाल्लंत माज्या पोराचं," एवढं बोलून जिना उतरले. आम्ही गेटपाशी पोचलो तोवर मागून मॅडम आल्या. धावत नव्हत्या, पण दम लागला होता.

"भाऊ, एक ऐकून जा. हजेरी पुढं नेता येत नाही, पण क्रेडिट नेता येतात. पहिल्या सेमिस्टरचे ह्यानं कमावलेत. ते मी काढून घेऊ शकत नाही, तुम्हीही घेऊ नका. दुसरं सेमिस्टर डिसेंबरला परत लागेल, तेव्हा ह्याला बसू द्या."

"आनि तवर काय करंल?"

"जूनपासून रोज माझ्या वर्गात बसेल."

"त्याची हजेरी लागंल?"

"नाही लागणार."

"मंग कशाला बसंल?"

"भाऊ, ते त्याला विचारा."

बाबांनी मला विचारलं नाही. रस्ता ओलांडताना फक्त म्हणाले, "डिसेंबरपत्तुर बघतो. एक खाडा झाला का यार्ड."

जूनमध्ये मी मागच्या बाकावर जाऊन बसलो. मॅडम हजेरी नेहमी तासाच्या शेवटी घेतात. त्यांचं म्हणणं, सुरुवातीला घेतली तर पोरं हजेरीसाठी येतात आणि नंतर मनानं निघून जातात. पहिल्याच दिवशी सगळी नावं संपली, त्यांनी हजेरीचा कॅटलॉग मिटला, आणि न बघता माझं नाव घेतलं. ते कुठल्याच यादीत नव्हतं. मी "हजर" म्हणालो. डिसेंबरपर्यंत हे रोज चाललं. एकदा मात्र माझ्या पायांनी उचल खाल्ली. ओळखीचा टेम्पो मालवणला निघाला होता, मी चढलो, आणि पेण आल्यावर उतरलो. मिळेल त्या गाडीनं परत आलो तेव्हा वर्गाच्या दारातून ऐकू आलं की हजेरी शेवटच्या नावावर आली आहे. ते नाव झालं. मॅडम थांबल्या, घामेजलेल्या माझ्याकडे पाहिलं आणि माझं नाव घेतलं. त्या दिवशी "हजर" म्हणताना मला जे वाटलं ते मला लिहिता येत नाही, आणि ठोसर सर कितीही वेळ कोंडून ठेवोत, येणारही नाही.

डिसेंबरला मी दुसऱ्या सेमिस्टरला बसलो आणि ते सुटलं. पुढं मॅडमनी माझ्या भटकंतीचाच प्रकल्प करायला लावला. "फिरलास ना? मग त्या जेट्ट्यांचे नकाशे काढ." मी जीव तोडून काढले आणि मिळाला 'बी' ग्रेड. वरचा ग्रेड एका गुणानं हुकला होता. मी भांडायला गेलो तर मॅडम म्हणाल्या, "नकाशात उत्तर दिशा दाखवली नाहीस. तुला माहीत होती, वाचणाऱ्याला नव्हती." ग्रेड हलला नाही. त्यांचा सख्खा भाचा आमच्याच वर्गात होता. त्याची अंतर्गत परीक्षेची उत्तरपत्रिका त्यांनी दुसऱ्या शिक्षकांकडे तपासायला दिली, तो नापास झाला, आणि त्याच आठवड्यात ईदला त्यानं आम्हाला घरी नेलं तेव्हा मॅडमनी सगळ्यात मोठं ताट त्यालाच वाढलं. बोलणं एकच झालं, "खा, आणि ऑक्टोबरच्या परीक्षेला पुन्हा बस."

माझी पदवी एक वर्ष उशिरा झाली. आज मी शाळांच्या मुलांना किनाऱ्यावर, कांदळवनात अभ्याससहलींना नेतो. त्यावर पोट भरतं आणि पायांची हौसही भागते. पदवीदानाला बाबा आले नाहीत. मॅडमचं नाव निघालं की अजूनही उठून अंगणात जातात. मी वाद घालत नाही. पण मला खात्री आहे: त्या दिवशी मॅडमनी टर्म देऊन सही केली असती तर पुढच्या सेमिस्टरला मी पुन्हा पळालो असतो, आणि त्या खेपेला पेणला उतरलो नसतो. माझं वर्ष गेलं म्हणूनच मी राहिलो.

मॅडम या टर्मअखेर निवृत्त होतील. परवा घरी हे सांगितलं तेव्हाही बाबा उठून अंगणात गेले. त्यांचे गुडघे हल्ली कुरकुरतात, तरी जिना त्याच चढतात. त्यांचे पाय अजून पुष्कळ किनारे तुडवोत, नजर अशीच स्वच्छ राहो, औषधांच्या डब्या कमी आणि पाहुणे जास्त असोत, आणि शंभरीच्या हजेरीलाही त्यांनी आम्हा सगळ्यांची नावं घ्यावीत.

एवढं लिहितोय तोवर शिपाईमामांनी दार ढकललं. म्हणतात, खाली उरणहून तुझे वडील आलेत. मी उठायला लागलो तर म्हणाले, "तू बस. ते तुझ्यासाठी नाही आलेले. परकार मॅडम कुठल्या वर्गावर आहेत, ते विचारतायत."