लॉगमध्ये हर्षालीचं नाव

माझी हर्षाली टोकावड्याच्या दूध संस्थेत संगणक सांभाळायची. भारनियमन असल्याने वीज आली की सगळ्यांचीच घाई, म्हणून तिने आपला पासवर्ड ऑफिसभर देऊन ठेवला होता. जो जवळ असेल तो तिच्या नावाने बसायचा.

गेल्या आठवड्यात दुधाच्या तक्त्यातला फॅटचा रकानाच कुणीतरी काढून टाकला. सभासदांचा दर त्यावरच ठरतो. ठपका हर्षालीवर आला, तरी ती निर्धास्त होती. "आई, डेटाबेसमधला प्रत्येक बदल लॉगमध्ये उतरतो. तो वाचायचं सॉफ्टवेअर कल्याणहून आणतायत. कोणी केलं ते कळेलच."

सॉफ्टवेअरने रकाना कधी काढला ते दाखवलं आणि कुणाच्या लॉगिनने तेही. व्यवस्थापक सुरेंद्र म्हणाले, "तुझंच नाव आलंय गो."

"पासवर्ड तर तुमीपण वापरता ना, दादा?"

"वापरतो. पण तिथं तसं दिसतंय का?"

आपणही तो वापरतो, हे बाकी कुणी कबूल केलं नाही. तिची नोकरी गेली. आमच्या वैशाखऱ्यात तिला दुसरी कुठली मिळणार?

आज संध्याकाळी घरातली वीज गेली. हर्षाली ऑफिसच्या सवयीने म्हणाली, "सेव्ह करा रे, यूपीएस टिकतोय तोवर." मग ती मेणबत्ती शोधायला उठली.