जुळाऱ्याचा लोगो

छापखान्यात तिला सगळे टाचणी म्हणत, आणि तिच्या तोंडावर म्हणत. तेवीस वर्षं ती तिथे प्रुफं वाचत होती. औषधांची माहितीपत्रकं, प्रश्नपत्रिका, बँकांचे अहवाल, काहीही असो. चूक दिसली की ती टोचायची, मग लिहिणारा कुणी का असेना. मालकाने एकदा स्वतः लिहिलेली जाहिरात मोठ्या हौसेने तिच्याकडे पाठवली, ती तांबड्या शाईत न्हाऊन परत आली. त्यानंतर मालकाने जाहिराती लिहिणं सोडलं आणि छापखान्याचं बरं चाललं.

तिचा दुसरा गुण म्हणा की अवगुण, ती डूख धरायची. शाळेत जिने तिची फूटपट्टी मोडली होती ती मुलगी आता आजी झाली आहे, तरी रस्त्यात दिसली की टाचणी पलीकडच्या कडेने जाते.

अशा बाईच्या वाटेला जाऊ नये, एवढं शहाणपण जुळाऱ्याला असायला हवं होतं. तो तिच्या शेजारच्याच टेबलावर बसून पानं जुळवायचा, म्हणून जुळारी. बारा वर्षांपूर्वी मालकाला छापखान्याची वेबसाइट हवी होती आणि त्यासाठी खिशात हात घालायचा नव्हता. टाचणीने शोधून 'पाटी' आणली. पाटी हे वेबसाइट चालवायचं सॉफ्टवेअर. मजकूर लिहा, फोटो लावा, बटण दाबा, झालं. ते फुकट होतं, आणि नुसतं फुकट नव्हे, उघडं होतं. कुणीही त्याच्या पोटात डोकवावं, काही मोडलं असेल तर नीट करावं, पुढच्याला द्यावं. ठिकठिकाणची माणसं फावल्या वेळात ते सांभाळत. टाचणी शिकली आणि तिने जुळाऱ्याला शिकवलं. तो तेव्हा तिला 'ताई ताई' करत तिच्या खुर्चीमागे उभा असायचा.

अडलेल्यांसाठी पाटीचा एक मदतमंच होता. कुणी प्रश्न टाकायचा, कुणी उत्तर द्यायचं, आणि अडचण मिटली की विचारणाऱ्याने खाली 'सुटलं' असा शिक्का मारायचा. टाचणी तिथे आधी विचारायला गेली आणि मग उत्तरं देऊ लागली. छापखाना सुटला की घरी येऊन तोंड धुवायचं आणि सहा ते साडेआठ मंचावर बसायचं. तिची भाषा काही मधात घोळलेली नव्हती. "आधी सूचना वाचा, मग विचारा," असं ती भल्याभल्यांना झापायची. पण तिचं उत्तर चुकायचं नाही. बारा वर्षांत तिच्या उत्तरांखाली अकरा हजार शिक्के पडले. धाकटी बहीण, जिच्याबरोबर ती राहायची, म्हणायची, "ताई, इतका जीव तू माझ्या दुकानात लावला असतास तर एव्हाना दोन दुकानं झाली असती." धाकटीचं चष्म्याचं दुकान होतं.

हेच दुकान पुढे भांडणाचं मूळ झालं. टाचणीने पाटी शिकवणारी एक पुस्तिका लिहिली होती आणि ती मंचावर ठेवली होती. कुणीही घ्यावी, छापावी, विकावीसुद्धा, फक्त लिहिणाऱ्याचं नाव राहू द्यावं, एवढीच अट. त्यात प्रत्येक उदाहरण असं सुरू व्हायचं: समजा, तुमच्या बहिणीचं चष्म्याचं दुकान आहे.

जुळारी छापखाना सोडून गेला आणि त्याने वेबसाइट बनवणारी कंपनी काढली. चार वर्षांत काचेचं ऑफिस झालं. एक दिवस त्याच्या कंपनीची विकत घ्यायची गुळगुळीत पुस्तिका टाचणीच्या हाती आली. पहिलंच पान उघडलं तर, समजा तुमच्या बहिणीचं चष्म्याचं दुकान आहे. पान पाचवर बहीण, पान चाळीसवर बहीण. जुळाऱ्याला तीन भाऊ, बहीण औषधालाही नाही. आणि लिहिणाऱ्याच्या जागी टाचणीचं नाव पुसून त्याचं स्वतःचं.

टाचणीने एक पत्र लिहिलं. उत्तर त्याच्या सचिवाने दिलं: मॅडम, आपल्या सूचनेची नोंद घेतली आहे.

"मॅडम!" टाचणी धाकटीला म्हणाली. "माझ्या खुर्चीमागे उभं राहून शिकला, आणि आता मी मॅडम!"

तरीही तिने तेवढ्यावर सोडलं असतं, असं ती सांगते. मला ते खरं वाटत नाही. पण पाटी मंडळाच्या वार्षिक सभेत जे झालं त्यानंतर तर प्रश्नच उरला नाही. मंडळ म्हणजे पाटीचा संसार चालवणारी संस्था. सर्व्हरचं भाडं, सभेचा हॉल, असा खर्च देणगीदारांवर चालायचा आणि मोठ्या देणगीदाराचा लोगो पाटीच्या पहिल्या पानावर झळकायचा. दोन वर्षं तिथे एकट्या जुळाऱ्याचा लोगो होता. त्या सभेत तो माइकपाशी गेला आणि म्हणाला, यापुढचा सगळा खर्च माझी कंपनी उचलेल, फक्त मदतमंच बंद करा. लोकांना आमच्या मदतसेवेकडे पाठवा. ती विकतची आहे, पण भरवशाची आहे.

"एवढं मोठं काम," तो हसत म्हणाला, "संध्याकाळी वेळ जात नाही म्हणून उत्तरं देत बसणाऱ्या बायकांच्या जिवावर किती दिवस ढकलणार?"

हॉल हसला. टाचणी तिसऱ्या रांगेत चहाचा कागदी कप धरून बसली होती. कोण कोण हसलं ते तिने मान वळवून नीट पाहून घेतलं.

मंडळाचे खजिनदार म्हणजे एक निवृत्त शिक्षक, सरळ माणूस. त्यांनी नियम वाचून दाखवला. अशा प्रस्तावावर तीन महिन्यांनी मतदान होईल, आणि तोवर कुणी दुसरी सोय केली तर तिचाही विचार होईल. "पण ताई," ते नंतर तिला हळूच म्हणाले, "एवढी सोय आता कोण करणार?"

"मी," टाचणी म्हणाली. "मंच तर राहीलच. पण त्याचा लोगो मी माझ्या हाताने उतरवणार. लिहून घ्या."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती कामाला लागली. तिच्याकडे काय होतं? शिक्के होते. ज्याने ज्याने 'सुटलं' म्हटलं होतं त्या प्रत्येकाचा प्रश्न, तारीख, पत्ता मंचावर जसाच्या तसा होता. तिने एकेक उघडून पत्रं लिहायला सुरुवात केली. एकसारखं पत्र सगळ्यांना पाठवणं तिच्या स्वभावात नव्हतं. प्रत्येकाला त्याच्यावर केलेल्या उपकाराची आठवण, खपली काढून. 'सहा वर्षांपूर्वी तुमच्या दवाखान्याच्या वेबसाइटवर कुत्र्यांच्या जागी मांजरं दिसत होती. मी सलग चार दिवस तुमच्याबरोबर होते. आता तुमची पाळी.' असं पशुवैद्याला. 'तुमच्या पोहण्याच्या वर्गाचं वेळापत्रक तुम्ही तीनदा पुसलंत आणि तीनदा मी परत आणलं,' असं एका प्रशिक्षकाला. खाली एकच मागणी: दरमहा थोडं थोडं मंडळाला द्या, जमेल तेवढं, पण आजपासून.

"ही देणगी मागतेस की खंडणी?" धाकटीने वाचून विचारलं.

"गरज सरो नि वैद्य मरो, असं मी होऊ देणार नाही."

"ताई, तुला मंच वाचवायचा आहे की त्याची जिरवायची आहे?"

टाचणीने मान वर न करता सांगितलं, "जिरवायची आहे. मंच वाचेल त्यात आपोआप."

उत्तरं येऊ लागली. गाडी शिकवणाऱ्या एकाने लिहिलं, 'तुम्ही मला सगळ्यांदेखत ढ म्हणाला होतात. अजून राग आहे. पैसे पाठवले आहेत.' एका गायनमंडळाने सभासदांत झोळी फिरवली. पशुवैद्याने स्वतःचे तर दिलेच, वर भावाला द्यायला लावले. काहींनी पत्राला भीक घातली नाही. त्यांना तिने दुसरं पत्र लिहिलं, आणि ते पहिल्याहून तिखट होतं. तीन महिने ती सहा ते साडेआठ हेच करत होती. जुळाऱ्याची मदतसेवा, त्याचं काचेचं ऑफिस, त्याचं ते हसणं हे सगळं डोळ्यांपुढे ठेवून ती दात-ओठ खात टाइप करायची, आणि खरं सांगायचं तर इतकी सुखात ती कित्येक वर्षांत नव्हती.

मतदानाच्या दिवशी खजिनदारांनी यादी वाचली. चारशे बारा माणसं. सगळ्यांची मिळून रक्कम जुळाऱ्याच्या देणगीला पुरून उरत होती. हात वर झाले, प्रस्ताव आपटला, मंच राहिला. खजिनदारांनी लॅपटॉप तिच्यापुढे सरकवला. पडद्यावर पाटीचं पहिलं पान होतं आणि वर कोपऱ्यात तो लोगो. टाचणी उठली. सगळा हॉल बघत असताना, जुळारी पहिल्या रांगेत बसलेला असताना, त्याच्या नाकावर टिच्चून तिने तो लोगो निवडला, पुसला आणि 'प्रकाशित करा' हे बटण दाबलं. कोपरा पांढरा झाला. तिने मागे वळून मागच्या वेळी हसलेल्या प्रत्येकाकडे आळीपाळीने पाहिलं. आज टाळ्या वाजवण्यात तेच पुढे होते.

"झालं तुझं?" ती जुळाऱ्याला सगळ्यांदेखत एकेरीत म्हणाली. "आता लिही पुढच्या पुस्तिकेत, समजा तुम्हाला लाज आहे."

जुळारी चिडला नाही. तो शांतपणे उभा राहिला. "अभिनंदन, मॅडम. एक लहानशी गोष्ट राहिली. माझ्या कंपनीतल्या दोन जणी गेली पाच वर्षं पूर्णवेळ पाटीचंच काम करतात. पगार मी देतो. सोमवारपासून त्या आमच्या कामाला बसतील." आणि तो निघून गेला.

टाळ्या थांबल्या. पाटीची प्रत्येक नवी आवृत्ती कोण बांधतं, चोरदारं कोण बुजवतं, हे त्या हॉलमध्ये सगळ्यांना माहीत होतं. त्याच दोघी, बारकी आणि तिची जोडीदारीण. पण त्या कुठल्या यादीत नव्हत्या. यादी देणगीदारांची होती, आणि माणसांचे तास तिच्यात लिहायची मंडळात पद्धतच नव्हती. टाचणीने ती यादी तीन महिन्यांत शंभरदा वाचली असेल. प्रुफं वाचणाऱ्यांना हे ठाऊक असतं की बारीक अक्षरातली चूक सापडते आणि मथळ्यातली निसटते. तिच्या हातून मथळा निसटला होता.

चहाच्या टेबलापाशी बारकी तिला भेटली. काडीसारखी बाई, बोलणंही तसंच मोजकं. "ताई, जोडीदारीण नाही सोडणार नोकरी. मी सोडते. मला पाटीचंच काम आवडतं. पण पगार लागेल. घरी आई अंथरुणाला खिळलीय."

मंडळाकडे सर्व्हर आणि हॉलपुरतेच पैसे होते. खजिनदार अवघडून म्हणाले, "ताई, जुळाऱ्याशी बोलू या का? लोगो परत लावला तर तो ऐकेल. मंच राहू दे म्हणावं, बाकी—"

"मेले तरी नाही," टाचणी म्हणाली, आणि बारकीकडे वळली. "तू ये. पगाराचं मी बघते."

सोमवारी सकाळी तिने मालकाकडे दुसरी पाळी मागितली. मालकाला माणूस हवाच होता. सकाळी आठ ते रात्री नऊ. दुसऱ्या पाळीचा सगळा पगार बारकीला जाऊ लागला.

धाकटीला हे आठवड्याने कळलं. "आपलं नाक कापून दुसऱ्याला अपशकुन करतात, ते ऐकलं होतं," ती म्हणाली. "घरात बघायला मिळेल असं वाटलं नव्हतं."

"त्याचा लोगो उतरला की नाही?"

"उतरला. तुला चष्म्याचा नंबर मात्र वाढवून लागणार आहे. दुकानात ये, फुकट करून देते."

चार महिन्यांनी पाटीची नवी आवृत्ती आली. बारकीने एकटीने बांधली होती आणि ती चोख होती. त्यानंतर दोन आठवड्यांनी एका संध्याकाळी छापखान्यात टाचणीला वीस मिनिटांची सुट्टी होती. जिन्यात बसून तिने फोनवर मंच उघडला. कित्येक आठवड्यांनी उघडला होता. पावणेदोनशे प्रश्न अनुत्तरित होते. गायनमंडळाचा प्रश्न अकरा दिवस पडून होता: नवी आवृत्ती घातल्यापासून आमच्या कार्यक्रमांची यादी दिसत नाही, ताई आहेत का?

त्याखाली एक उत्तर आलं होतं. लिहिणारा तो गाडी शिकवणारा. 'इथे हल्ली कुणी उत्तर देत नाही. मी जुळाऱ्यांच्या कंपनीची मदतसेवा घेतली. पैसे पडतात, पण माणसं चांगली आहेत. लगेच बोलतात.'

टाचणीने ते दोनदा वाचलं. त्यात दुरुस्त करण्यासारखं काही नव्हतं. मग तिने ते पुसून टाकलं. तो अधिकार तिला होता. गायनमंडळाच्या प्रश्नाखाली तिने लिहिलं, 'आहे. रविवारी सांगते.'

रविवारीही तिने जादा पाळी घेतली होती, हे तिला लिहितानाच ठाऊक होतं. वरून कुणीतरी हाक मारली, प्रुफं आली होती. ती फोन बंद करून जिना चढली.