उदबत्तीनं सुरू झालेला मॅक

ऑफिसात माझा अस्सल मॅक अपडेटवर अडकला होता. तेवढ्यात शेजारच्या टेबलावरून उदबत्तीचा वास आला आणि मी मनानं थेट रायपूरच्या गुढियारीतल्या जुन्या घरी पोचलो.

सुटे पार्ट जोडून केलेल्या पीसीवर ॲपलची सिस्टीम चालवून दाखवीन, असं मी अर्ध्या रायपूरला सांगून ठेवलं होतं. अख्खा मोहल्ला खोलीत, पडद्यावर सफरचंद आणि खालची लोडिंगची पट्टी ठार अडकलेली. माझी इज्जत टांगणीला!

"काहून बे, सिग्नल नाही भेटून राहिला काय?" रेल्वेत नोकरीला असलेले बाबा हसले.

"हट पोट्ट्या," म्हणत आईनं कॅबिनेटला कुंकू लावून उदबत्ती ओवाळली. आतल्या पंख्यानं धूर गिळला आणि पट्टी धावली!

मॅक आईनंच बसवला, असा मोहल्ल्यानं निकाल दिला. तेव्हा मी महिनाभर फणफणत होतो.

आज मात्र शेजारणीला म्हटलं, "दीदी, ती उदबत्ती जरा इकडे सरकवा."