ट्रॅकच्या कडेला उभं राहायची परवानगी

नांदेडमध्ये अफसानाला लोक लग्नाची फोटोग्राफर म्हणून ओळखतात. इतवाऱ्यात तिच्या वडिलांचा, निजामोद्दीन यांचा स्टुडिओ होता. ते गेल्यावर तो तिनं चालवायला घेतला. मुस्लिम लग्नात बायकांच्या बाजूला पुरुष फोटोग्राफर चालत नाही, त्यामुळं तिला कामाची वाण कधी पडली नाही. आई, बानो, काउंटरवर बसून बुकिंग घेते. मी याच गावातल्या एका दैनिकात जिल्ह्याचं पान बघतो. अफसाना माझ्याकडं पहिल्यांदा आली ती मात्र मोटारसायकलच्या शर्यतीपायी.

त्याचं मूळ लातूरला होतं. तिथल्या यज्ञेश नावाच्या तरुणाच्या बहिणीचं लग्न तिनं केलं होतं, म्हणजे फोटोचं काम. यज्ञेश घरच्या स्पेअर पार्टच्या दुकानात बसतो आणि सुट्टी मिळाली की शर्यतीची गाडी पळवतो. गावाबाहेरच्या मैदानात मातीचा ट्रॅक आखून शर्यत ठेवली होती, तर तो म्हणाला, "ताई, माझा एक तरी बरा फोटो काढा." ती गेली. दिवसभर उन्हात उभी राहिली. घरी येऊन बघितलं तर कशात नुसतं चाक, कशात नुसती धूळ. नवरीला थांब म्हटलं तर थांबते, पुन्हा हस म्हटलं तर हसते. इथं कुणी थांबत नव्हतं. आपल्याला हे येत नाही, ही गोष्ट तिला फार लागली.

मग ती मोकळी असली की लोह्याच्या रस्त्याला जाऊन उभी राहायची. येणाऱ्या गाडीबरोबर कॅमेरा फिरवत न्यायचा. गाडी स्वच्छ आणि मागची झाडं पुसट, असं जमायला हवं. बिनहेल्मेटवाले तिला लांबून बघूनच गाडी वळवायचे. एकानं तर जवळ येऊन विचारलं, "मॅडम, चलन फाडून राहिले का?"

फोटो जमायला लागले तेव्हा तिला मोठ्या ट्रॅकची ओढ लागली. चेन्नईजवळ राष्ट्रीय शर्यती होतात, यज्ञेशही तिथं उतरणार होता. तिकीट काढलं तर गॅलरीत बसायला मिळतं, पण ट्रॅकच्या कडेला जाऊन फोटो काढायचे तर पत्रकार म्हणून मान्यता लागते. त्यासाठी कुठल्यातरी वर्तमानपत्राचं पत्र आणि छापून आलेलं काम.

ती माझ्या टेबलासमोर बसली आणि सरळ म्हणाली, "सर, एक लेटर पाहिजे."

"तुमचं आमच्याकडं काही छापलेलं नाही. मी पत्रात लिहू काय?"

"लोक तर देऊन राहिले. ओळखीवर."

"देत असतील. मी न्हाई देणार. बातम्या आणा, छापतो. मग पत्र."

ती उठून गेली. मला वाटलं, आता काही येत नाही. पुढच्याच आठवड्यात लातूरच्या शर्यतीची बातमी घेऊन आली. फोटो उत्तम होता. बातमीत प्रेक्षकांचा उत्साह होता, पाहुण्यांचे सत्कार होते, चहापाण्याची सोय होती. शर्यत कोण जिंकलं तेवढं नव्हतं. मी विचारलं तर म्हणाली, "जिंकणारा माझ्या बाजूनं गेलाच न्हाई."

हळूहळू तिला लिहिता यायला लागलं. धर्माबादकडं चिखलात जीप पळवायची स्पर्धा झाली, तिची बातमी तिनं फोनवरच लिहून पाठवली आणि मला एक ओळसुद्धा बदलावी लागली नाही. वर्षभरात बरीच कात्रणं जमली. मी पत्र दिलं.

पहिला अर्ज नाकारला गेला. स्पर्धेचं माध्यमांचं काम देविका नावाची बाई बघायची. तिनं नीट उत्तर पाठवलं होतं: जागा मोजक्या आहेत, आणि तुमच्या फोटोंखाली तुमचं नाव नाही. ते खरंच होतं. आम्ही छायाचित्रकाराचं नाव टाकत नव्हतो. तेव्हापासून टाकायला लागलो. दुसऱ्या अर्जाला मान्यता मिळाली, पण फक्त पत्रकार कक्षात बसण्यापुरती. अफसाना निघाली तेव्हा बानो म्हणाली, "टीव्हीवर बघायला इत्ते दूर जाको क्या करती?" ती तरी गेली. पडद्यावर शर्यत बघून बातम्या दिल्या, आणि छापून आलेलं सगळं न मागता देविकाला पाठवलं. पुढच्या हंगामात तिला छायाचित्रकाराचं जॅकेट मिळालं. त्यावर मोठा नंबर असतो; ते अंगावर असलं तरच ट्रॅकच्या कडेला जाता येतं.

सकाळी सगळ्या फोटोग्राफरांना बसवून नियम सांगितले. कुठं उभं राहायचं, कुठं अजिबात नाही, आणि काहीही झालं तरी टायरच्या कठड्यापलीकडं पाऊल टाकायचं नाही. तिनं सही केली.

दुपारच्या शर्यतीत तिच्यासमोरच्या वळणावर यज्ञेशची गाडी घसरली. गाडी एकीकडं गेली, तो वळणाबाहेरच्या खडीत लोळत दुसरीकडं. पडून राहिला, हलेना. अफसानानं मला नंतर सांगितलं, "सर, मी काही ठरवलं न्हाई. लग्नात कुणाला चक्कर आली तर आपण जातोच की. मी बघितलं तर मी कठड्याच्या पलीकडं होते."

वळणावर सुरक्षा बघायला शिवप्पा नावाचा मार्शल होता, बेळगावकडचा, निवृत्त फौजी. एका हातानं धोक्याचं पिवळं निशाण हलवत त्यानं दुसऱ्या हातानं तिचं जॅकेट धरून तिला मागं ओढलं. त्याच क्षणी मागून दोन गाड्या त्याच वळणात शिरल्या, आणि त्यातली एक खडीपर्यंत आली. ती कठड्याला टेकून खाली बसली. तोवर यज्ञेशपाशी डॉक्टर पोचले होते. त्याचं गळ्याजवळचं हाड मोडलं होतं, बाकी शुद्धीवर होता.

शिवप्पा ओरडला नाही. शर्यत थांबल्यावर जवळ येऊन मोडक्या हिंदीत म्हणाला, "तुम्हाला लागलं असतं तर मला दोन माणसं उचलावी लागली असती." मग त्यानं वायरलेसवर कळवलं. संध्याकाळच्या आत जॅकेट परत घेतलं, आणि हंगामभराची मान्यता रद्द झाली. देविकानं तिला पाणी दिलं, गाडीनं स्टेशनवर सोडायची सोय केली; पण निर्णय बदलला नाही. अफसानानंही तशी विनंती केली नाही.

नांदेडला आल्यावर ती दोन दिवस स्टुडिओत गेली नाही. मग माझ्याकडं बातमी आली. निकाल होता, यज्ञेशचा अपघात होता, आणि शेवटी एक ओळ: नियम मोडून कठडा ओलांडल्यामुळं आमच्या प्रतिनिधीची मान्यता रद्द करण्यात आली.

मी फोन केला. "ही ओळ गाळू का? कुणाला कळायचं नाही."

"ऱ्हाऊ द्या सर. झालंय ते झालंय."

छापली. गावात थोडी चेष्टा झाली. एक ओळखीचा पत्रकार म्हणाला, बाईमाणसाला तिथं पाठवलंच कशाला. मी त्याला म्हणालो, पिवळं निशाण पुरुषालाही लागू असतं.

उरलेल्या शर्यतींना ती तिकीट काढून गेली. गॅलरीत बसून बातम्या लिहिल्या, लांबून जमतील तसे फोटो काढले. यज्ञेश हात गळ्यात अडकवून लातूरहून एकदा भेटायला आला. "ताई, माझ्यासाठी तुमचं नुकसान झालं," असं म्हणायला लागला, तर तिनं त्याला थांबवलं. "तुझ्यासाठी न्हाई. मी चुकले. तू तुझं हाड नीट जुळू दे."

यंदा तिनं पुन्हा अर्ज केला. त्यात विचारलं होतं, याआधी कधी मान्यता काढून घेतली गेली आहे का. तिनं हो लिहिलं, कारणही लिहिलं आणि ती छापलेली बातमीही जोडली. देविकाचा मला फोन आला. तिनं एवढंच विचारलं, "ती छापलेली ओळ तुम्ही घातली होती की तिनं?" मी म्हणालो, तिनं. काही दिवसांनी मान्यता आली, जॅकेटसकट. एक अट होती: पहिल्या शर्यतीआधी तिनं मार्शलांच्या प्रशिक्षणाला पूर्ण वेळ बसायचं. ती बसली. शिवप्पानं तिला निशाणं शिकवली आणि आपल्या मुलीच्या लग्नाचे फोटो काढायला येणार का, हेही विचारून घेतलं.

आता अडचण वेगळीच आहे. शर्यती आणि लग्नसराई एकाच मोसमात येतात. परवा मी स्टुडिओत गेलो होतो, तर मुदखेडचं एक कुटुंब वलीम्याची, म्हणजे लग्नानंतरच्या दावतीची, तारीख घेऊन आलं होतं. बानोनं भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघितलं आणि मान हलवली.

"ह्या तारखेला जमायचं न्हाई," ती म्हणाली. "पोरगी रेसला हाय. एक दिवस पुढं घ्या, नायतर दुसरीकडं बघा."

पाहुणे आपसात बोलले. मग त्यांनी तारीख एक दिवस पुढं घेतली.