भिंतीकडे वळवलेला मॉनिटर

फवारणीच्या हंगामात विषबाधा झालेल्या मजुरांच्या बातमीसाठी मी अकोल्यातल्या एका रुग्णालयात होतो. एका मजुराचा ऑक्सिजन मोजणारा बोटावरचा सेन्सर भलतेच आकडे दाखवू लागला, म्हणून दुरुस्तीवाला आला. त्याने मॉनिटर भिंतीकडे वळवला आणि नवा सेन्सर आधी स्वतःच्या बोटाला लावला.

"काहून लपवता, भाऊ? काई वंगाळ हाय का?" मजुराच्या बायकोने विचारले.

"आता माहा आकडा दिसून राहिला, माय. तो पाहून तू उगाच खुश होशील."

मग सेन्सर तिच्या नवऱ्याच्या बोटाला लावून त्याने मॉनिटर तिच्याकडे फिरवला. आकडा कमी होता. नर्सने लगेच ऑक्सिजन वाढवला. दुरुस्तीवाल्याचे काम संपले होते. तरीही आकडा चढू लागेपर्यंत तो पिशवी खांद्याला अडकवून तिच्याशेजारी उभा राहिला.