धैर्यशील निंबाळकरांचं संशोधन

धैर्यशील निंबाळकरांनी पीएचडीला नाव घातलं आणि पंधरा दिवसांत ऑकलंडच्या आमच्या मराठी मंडळाच्या दिवाळी पत्रिकेत ते 'डॉ.' होऊन बसले. मी विचारलं तर म्हणाले, आत्ताच छापून टाकलेलं बरं, तीन वर्षांनी पुन्हा कोण बदलत बसणार.

बँकेत आयटी मॅनेजर, हिल्सबरोला टुमदार घर, आणि कुठल्याही विषयावर शेवटचा शब्द आपलाच असं समजणारा माणूस. मी युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीत बावीस वर्षं आहे. संशोधनाचा प्रश्न नेमका कसा करायचा, आधी कोणी काय केलंय ते कसं शोधायचं, वाचलेल्याची नोंद कशी ठेवायची, हे शिकवणं माझं काम. पण पुण्याच्या कॉलेजात असताना पाहिलेली लायब्ररी म्हणजे जाळीमागे बसून शिक्के मारणारा कारकून, एवढीच यांची समजूत. माझी ओळख ते 'आमच्या लायब्ररीतल्या मावशी' अशी करून द्यायचे. मी त्यांच्याहून फक्त चार वर्षांनी मोठी. मला ते कधी आवडलं नाही आणि मी ते लपवलंही नाही.

पहिल्या वर्षाच्या शेवटी परीक्षकांसमोर आपलं काम मांडावं लागतं. तिथे होकार मिळाला तर पीएचडी पुढे, नाहीतर घरी. त्यासाठी सुपरवायझरने त्यांना माझ्याकडे पाठवलं. ठरलेल्या दिवशी आली सानिका, त्यांची बायको. हॉस्पिटलच्या फार्मसीतली ड्युटी संपवून, गळ्यातलं ओळखपत्र तसंच ठेवून. धैर्यशील बिझी आहे, काय लागेल ते तू लिहून आण म्हणालाय, असं तिने जरा ओशाळून सांगितलं. गाडीच्या तपासणीचं वॉरंट, मुलीच्या शाळेतली मीटिंग, भारतातले कागद, सगळीकडे तीच जायची. त्यात आता हे.

मी तिला तिथल्या तिथे परत पाठवायला हवं होतं. चूक माझीही आहे. पण तिने पहिलाच प्रश्न असा विचारला की मी खुर्ची पुढे ओढली. नवऱ्याचा विषय होता 'तंत्रज्ञान आणि आरोग्य'. सानिका म्हणाली, हा विषय नाही, ही तर कपाटावरची पाटी झाली. मग आम्ही दोघींनी तो विषय तासून एका वाक्यात आणला. पुढच्या खेपेला ती शोधायला शिकली, त्याच्या पुढच्या खेपेला गाळायला. नऊशे लेखांतून बावन्न उरले. कुठला लेख का सोडला, याचा तक्ता तिने इतका चोख केला की मी तो नव्या विद्यार्थ्यांना दाखवायला मागून घेतला. वर्षात ती सात वेळा आली. माझ्या वहीत सातही वेळा नाव मात्र 'डी. निंबाळकर'.

घरी तो तक्ता बघून नवरोबा म्हणाले, छान, जरा फॉन्ट मोठा कर.

परीक्षकांसमोर मांडणी होती त्या दिवशी साहेबांनी मंडळातल्या आठ जणांना बोलावलं होतं आणि पेढेही आधीच आणून ठेवले होते. मी मागे बसले होते. वीस मिनिटं ते बोलले झकास. मग एका परीक्षक बाईंनी शांतपणे विचारलं की नऊशेतले बावन्न कसे निवडले. धैर्यशील पडद्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, ते सगळं लायब्ररीने हँडल केलंय. बाईंनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. मी मान हलवून नाही म्हटलं. वाईट वाटायला हवं होतं, नाही वाटलं.

तीन महिन्यांची मुदत मिळाली. सगळं पुन्हा, स्वतः. पेढे कोणी उघडले नाहीत.

पुढच्या सोमवारी ते पहिल्यांदा माझ्यासमोर येऊन बसले. मावशी नाही, चक्क शकुताई म्हणाले. मी म्हटलं, आधी तुमचा प्रश्न एका वाक्यात सांगा, मग पुढचं. त्यांनी बॅग चाचपली, लॅपटॉप उघडला, मिटला. आणि खिशातून फोन काढला.

"एक मिनिट हं, सानिकाला विचारतो."

फोन स्पीकरवर होता. तिने सगळं ऐकून घेतलं आणि एका दमात सांगितलं, "भारतातून मुलांकडे राहायला आलेल्या साठीपुढच्या आई-वडिलांना फोनवरच्या रिमाइंडरमुळे बीपीच्या गोळ्या वेळेवर घेता येतात का. लिहिलंस?"

ते खरंच लिहून घेत होते.

"शकुताई, तुम्ही आहात ना तिथे? गुरुवारी चारची वेळ ठेवाल? मी मास्टर्सला अर्ज केलाय. आणि या वेळी वहीत नाव माझं लिहा."

मी लिहिलं. समोर धैर्यशील विचारत होते, साठीपुढच्या की साठीच्या.