विहिरीचा वाटा

मी शाळेत खेळाची बाई आहे. वर्धेत पोरींना खो-खो शिकवायचं म्हणजे काय, ते मला विचारा. शाळेला मैदान नाही. शेजारी एक रिकामा प्लॉट आहे, तिथे लग्नाचे मंडपवाले खिळे टाकून जातात आणि माझ्या पोरी त्यावरून अनवाणी पळतात. त्यामुळे शहरात मोठं क्रीडासंकुल होणार अशी कुणकुण लागली तेव्हा सगळ्यात जास्त आनंद मला झाला. स्टाफरूममध्ये मी पेढे वाटायचीच बाकी होते. जागा कुठली ते कोणालाच ठाऊक नव्हतं. म्हणजे आम्हाला ठाऊक नव्हतं.

आमचं घर सिंदी मेघेत, आणि शेत त्याच्या पुढे, रस्त्याला लागून. माझे बाबा आणि त्यांचे थोरले भाऊ, म्हणजे आमचे मोठेबाबा, यांचं सामाईक. आजोबा गेले तरी ते तसंच राहिलं. मोठेबाबा नोकरीवाले. शहरातल्या एका सरकारी कार्यालयात, नकाशे आणि मोजण्या ज्या टेबलावरून पुढे सरकतात त्या टेबलाशी त्यांचा जन्म गेला. शेती बाबांनी केली. पीक निघालं की निम्मं मोठेबाबांच्या घरी पोचतं व्हायचं, आणि तुरीची डाळ आई स्वतः भरडून, पाखडून द्यायची. त्यावरून घरात कधी कुरबुर झाली नाही.

बाबांनी मोठेबाबांना देवाच्या जागी बसवलं होतं. दादानं सांगितलं की झालं. आई चिडवायची, "तुह्या बापाले दादानं भरदुपारी म्हनलं ना, की चांदनं पडलं, तं हा अंगनात बाज टाकन." बाबा हसायचे. त्यांना त्यात चिडण्यासारखं काही वाटायचंच नाही.

मोठेबाबा रिटायर झाले त्याच उन्हाळ्यात एका सकाळी आमच्याकडे आले. चहा घेतला, पान जुळवलं आणि म्हणाले, "आपन दोघं धडधाकट आहो तवर वाटनी करून टाकू. उद्या लेकरायचे भांडनं नको." बाबांना जरा वाईट वाटलं. पण बोलणं शहाणपणाचं होतं, आणि दादाचं होतं.

आमच्याकडे वाटणीची एक रीत आहे. थोरल्यानं वाटे पाडायचे आणि धाकट्यानं आधी उचलायचं. पाडणाऱ्याला माहीत असतं की चांगला वाटा धाकटा नेईल, म्हणून तो दोन्ही सारखे पाडतो. वकील नको, पंच नको. लहानपणी आम्ही भावंडं ऊस आणि टरबूज याच रीतीनं वाटून घ्यायचो. जमिनीच्या बाबतीत उचलायचं म्हणजे खरोखरच उचलायचं. आपल्या वाट्यातलं एक ढेकूळ हातात घ्यायचं. घेतलं की संपलं, त्यावर पुन्हा शब्द काढायचा नाही. तलाठ्याकडचं काम मागाहून होत राहतं. या रीतीत लबाडीला शिरायला फटच नाही, असं मी मोठ्या अभिमानानं माझ्या पुण्याकडच्या मैत्रिणींना सांगत असे. आग लागो माझ्या अभिमानाला.

वाटणीच्या दिवशी आईनं शेतातच रोडग्यांचा बेत केला. गोवऱ्यांच्या विस्तवात रोडगे, वांग्याची भाजी, वरण. चार नातेवाईक होते, शेजारचे शेतकरी होते. मोठेबाबा काठी घेऊन पुढे आणि बाबा मागे, असे दोघं शेतभर फिरले. मधून पांदण जाते, बैलगाडीची जुनी वाट. मोठेबाबांनी काठी तिच्याकडे केली आणि तीच हद्द ठरली. पांदणीच्या एका अंगाला काळी जमीन, विहीर, लिंबाची झाडं, मोटरची खोली. दुसऱ्या अंगाला नुसतं बरड. मुरूम आणि गोटे. तिथली तूर कधी माझ्या गुडघ्याच्या वर गेली नाही. विहिरीचा वाटा त्यांनी आकारानं लहान ठेवला, बरडाचा मोठा. दिसायला अगदी चोख न्याय.

"उचल," मोठेबाबा म्हणाले.

बाबा घुटमळले. "दादा, इहीर तू ठेव ना. मी बरडात भागवतो."

"रीत मोडतं का? धाकटा आधी. अन् तुले इहिरीबिगर करमन का, सांग बरं?"

सगळे हसले. खरंच होतं ते. ती विहीर खणली तेव्हा बाबा मिसरूड फुटायच्या वयाचे होते, आणि कमरेइतक्या चिखलात उभं राहून त्यांनी गाळ उपसला होता. भर मे महिन्यातही तिचं पाणी हटायचं नाही. संध्याकाळी काही काम नसलं तरी ते तिच्या काठावर जाऊन बसत. आम्ही हाका मारून दमायचो.

बाबांनी विहिरीजवळचं ढेकूळ उचललं. मग वाकून मोठेबाबांच्या पायाला हात लावला. मोठेबाबांनी त्यांना उठवून छातीशी धरलं. आईच्या डोळ्याला पदर गेला. नवऱ्याच्या भोळेपणावर जन्मभर कुरकुरणारी माझी आई त्या दिवशी थोरल्या दिराकडे पाहून मला म्हणाली, "भासरे असावे तं असे." आम्ही सगळे पोटभर जेवलो. मोठेबाबांनी तर दोनदा वरण मागून घेतलं.

पावसाळा सरला आणि आमच्या कपाशीत चुन्याच्या खुणा दिसू लागल्या. लाल झेंडीवाले बांबू रोवले गेले. मग रीतसर नोटीस आली. शहराला क्रीडासंकुलासाठी जागा हवी होती, आणि ती जागा म्हणजे आमचा विहिरीचा वाटा, आणि त्याच्या मागची आणखी काही जणांची शेतं. हद्द बरोबर पांदणीशी येऊन थांबत होती. मोठेबाबांचं बरड हद्दीच्या बाहेर, संकुलाच्या मोठ्या फाटकाच्या अगदी समोर.

आईनं कपाळावर हात मारला नाही की रडली नाही. तिनं चूल विझवली आणि बाबांसमोर येऊन बसली. "तुमच्या दादाले माहीत होतं."

"काहीतरीच काय बोलून राह्यली! त्याले कसं माहीत असन?"

"काऊन नसन? जन्मभर नकाशेच पाह्यले त्यायनं."

"तो रिटायर झालता. अन् वाटा मी उचलला. त्यानं थोडी हातात देल्ला!"

हे वाक्य बाबांनी त्या महिन्यांत इतक्यांदा म्हटलं की मला त्याची चीड यायला लागली. आम्ही हरकती घेतल्या, हेलपाटे घातले, निदान विहिरीपुरता तुकडा सोडा म्हणून विनवण्या केल्या. शेजारच्या शेतकऱ्यांनीही केल्या. मोबदला मिळाला, नाही म्हणत नाही. पण बाबांना विहीर हवी होती, आणि ती जाणार हे ठरलं तसा त्यांनी दुसऱ्याच गोष्टीला घट्ट हात घातला. दादाला माहीत नव्हतं. तेवढं त्यांच्याजवळ उरलं होतं, आणि तेवढं ते कोणाला हिसकू देणार नव्हते.

मोठेबाबा समाचाराला आले. पोहे खाल्ले. "सरकारी काम आहे बापा, आपल्या हातात काय आहे? माह्या हातात असतं तं..." असं म्हणून त्यांनी वाक्य तिथेच सोडलं. बाबांनी त्यांचीच समजूत घातली. मी स्वयंपाकघराच्या दाराशी उभी होते. मोठेबाबांची बशी उचलताना मी ती जरा जोरातच उचलली. कोणाच्या ध्यानात आलं नाही.

आणि माझं काय सांगू? मला संकुल हवं होतं. माझ्या पोरींना ते हवंच होतं. कोणाचंतरी शेत त्यासाठी जाणार, हेही मी शिकलेली बाई समजून होते. शहर वाढतं, जमीन जाते. नुसती जमीन गेली असती तर मी बाबांना हेच सांगून समजावलं असतं.

पुढच्या उन्हाळ्यात मोठ्या आईनं, म्हणजे मोठेबाबांच्या बायकोनं, कुरडया घालायला बोलावलं. आई गेली नाही, मी गेले. गच्चीवर सकाळचं ऊन, गव्हाचा चीक शिजलेला, जुन्या लुगड्यावर आमच्या कुरडया पडत होत्या. मोठी आई साधी बाई. पोटात काही राहत नाही तिच्या. नवऱ्याचं कौतुक करायची तिला पहिल्यापासून सवय. बरडावर आता दुकानं काढायची, मोठ्या पोराला एक, धाकट्याला एक, असं ती मला सांगत होती. आणि सांगता सांगता म्हणाली, "यायनं सारं टायमावर केलं बापा. मी म्हनत होती, रिटायर झाले तं थोडे दिवस आराम करा. पन हे म्हने, नाई, नकाशा बाहेर यायच्या आत वाटनी झाली पाह्यजे. मंग कोनी आयकत नाई."

माझ्या हातात सोऱ्या होता. मी तो दाबायची थांबले. जमेल तितक्या साध्या आवाजात विचारलं, "अन् बाबांनी बरड उचललं असतं तर?"

"मीनंही तेच म्हनलं ना! तं हे हासले. म्हने, तो इहीर सोडनार नाई."

आणि तिनं मला चहा विचारला. आपण काय बोललो ते तिला कळलंच नव्हतं. मी उरलेल्या कुरडया घातल्या, हात धुतले आणि घरी आले. वाटेत मला रडू येत नव्हतं, नुसता संताप. जमिनीची लबाडी मी समजू शकते, जग करतं. पण या माणसानं माझ्या बापाचा जीव कशात आहे ते हेरलं आणि त्याचाच सापळा लावला. वर रीत मोडू नको म्हणून दटावलं. पायाला हात लावून घेतला.

बाबा अंगणात तुराट्यांचा खराटा बांधत बसले होते. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. मोठ्या आईचे शब्द जसेच्या तसे.

"तिले काय समजते," ते म्हणाले. "तूनं कायचं काय आयकलं असन."

"बाबा, कानात बोळे घातले का तुम्ही?" मी ओरडले. जन्मात पहिल्यांदा त्यांच्यावर ओरडले. "'तो इहीर सोडनार नाई' म्हणाले ते! हासून म्हणाले!"

बाबांनी खराट्याची दोरी सोडली. पुन्हा बांधली. पुन्हा सोडली. मी आत निघून गेले. त्या दिवशी ते जेवले, सगळ्यांशी नेहमीसारखं बोलले, पण मोठेबाबांचं नाव काढलं नाही. आईनंही खोदून विचारलं नाही.

आता संकुल उभं आहे. धावपट्टी आहे, आत बॅडमिंटनचं दालन आहे, माझ्या पोरी तिथे खेळतात आणि छान खेळतात. समोर मोठेबाबांची दुकानं आहेत. एकात बूट मिळतात, एकात चहा-समोसे. पोरी तिथे घुटमळल्या की मी त्यांना हाकलते आणि कारण सांगत नाही. हे सगळं मी सोसते. पण विहीर बुजवली तो दिवस मात्र माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही.

बाबांना कोणीतरी कळवलं होतं. शाळेला सुट्टी होती, म्हणून मी सोबत गेले. जेसीबीनं आधी मोटरची खोली पाडली, मग विहिरीच्या काठाचे दगड आत ढकलले. सुरुवातीला दगड पडले की पाण्याचा आवाज यायचा. बाबा हाताची घडी घालून पांदणीवर उभे होते. तेवढ्यात मोठेबाबा आले, पांढरी टोपी घालून, आणि त्यांच्या खांद्याशी उभे राहिले. समाचाराला येतात तसे.

"दादा," बाबा म्हणाले, "वाटे पाडले तवा तुले माहीत होतं का?"

"काय?"

"हे."

मोठेबाबा जेसीबीकडे पाहत राहिले. "आता त्याचं बोलून काय फायदा? मोबदला भेटला ना तुले."

"माहीत होतं का नाई, एवढंच सांग. मी काही म्हननार नाई."

खरं सांगते, त्यांनी 'हो' म्हटलं असतं तर बाबांनी तिथल्या तिथे माफ करून टाकलं असतं. मी ओळखते ना माझ्या बापाला. 'नाही' म्हटलं असतं तरी त्यांनी ते धरून ठेवलं असतं, मोठ्या आईला आणि मला दोघींना खोटं पाडलं असतं. त्यांना दोन्हींतलं एक हवं होतं.

मोठेबाबा म्हणाले, "ढेकूळ काय मी देल्लं तुह्या हातात? तूनंच उचललं. चार लोकायसमोर उचललं. सारं रीतीनं झालं."

माझा हात शिवशिवला. शब्द न् शब्द खरा होता त्यांचा, म्हणूनच तो सहन होत नव्हता.

"व्हय," बाबा म्हणाले. "मीनंच उचललं."

आणि ते चालू लागले. मागून मोठेबाबांनी हाक मारली, "घरी चल, जेवून जाजो!" बाबांनी वळून पाहिलं नाही. मी स्कूटर आणली होती, तीही त्यांना नको झाली. सिंदी मेघेपर्यंत ते उन्हात पायी आले आणि मी गाडी ढकलत त्यांच्या मागून.

घराशी आल्यावर ते फाटकातून आत आले, पण दारात पाय ठेवला नाही. अंगणातल्या दगडावर बसले. चपला लांब काढून ठेवल्या. आईला हाक मारून म्हणाले, "पानी आन. बाहेरच आन."

आमच्याकडे मसणातून आलेला माणूस असा बसतो. अंगावरून पाणी घेतल्याशिवाय तो घरात येत नाही.

आई बादली घेऊन आली. तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा त्यांच्याकडे. "अवो, कोन गेलं?"

बाबांनी कपड्यांसकट डोक्यावरून पाणी ओतून घेतलं.

"दादा," ते म्हणाले.